दोनदा उजाड झालेल्या मुलखाची बोली

१९०७ साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून एक जाडजूड खंड बाहेर पडला आणि खानदेशची बोली, अहिराणी, मराठीच्या ओसरीवरून उठून भिल्ली भाषांच्या पंगतीला जाऊन बसली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा तो नववा खंड, भाग तिसरा. मराठीला वाहिलेला सातवा खंड दोन वर्षं आधीच निघाला होता. या कामाची पद्धत ठरलेली होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांतून स्थानिक बोलीत लिहवून मागवायची आणि ते नमुने शेजारी शेजारी ठेवून व्याकरण तपासायचं. खानदेशचे नमुने असे तपासल्यावर ग्रिअर्सन आणि त्यांचे नॉर्वेजियन सहकारी स्टेन कोनो यांचं मत झालं की या बोलीचा सांगाडा गुजराती आणि भिल्लीच्या जवळचा आहे आणि मराठीचा थर त्यावर नंतर चढला आहे.

पुरावा तसा डोळ्यांत भरणारा होता. ‘रामचं घर’ न म्हणता अहिराणी माणूस ‘रामनं घर’ म्हणतो. ‘घरात’साठी त्याच्याकडे ‘घरमा’ आहे. ‘घेतलं’ला ‘लिधं’, ‘दिलं’ला ‘दिधं’, ‘आहे’ला ‘शे’. सुरतेच्या माणसाला यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. उलट ‘माले’, ‘तुले’ ऐकून अकोल्याचा माणूस मान डोलावेल, आणि बाकीचा शब्दसाठा चाळला तर पुण्याच्या वाचकाचंही फारसं अडत नाही.

तेव्हापासून ‘अहिराणी गुजरातीची की मराठीची?’ हा वाद अधूनमधून पेटतो. मला त्यात फार रस नाही. खानदेशात कोण कुठून आलं, काय घेऊन आलं आणि कोणाच्या शेजारी राहिलं, हे आधी पाहिलं तर तो वाद आपोआप निवतो.

नकाशावर पाहिलं की खानदेश हा राहण्याइतकाच जाण्यायेण्याचा मुलूख असल्याचं लक्षात येतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या तिच्या उपनद्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वळतात. तापी मात्र सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. त्यामुळे खोऱ्याचं पश्चिमेचं दार गुजरातेकडे उघडतं, ईशान्येचं बऱ्हाणपुरावरून माळव्याकडे आणि पूर्वेचं थेट वऱ्हाडात. दक्षिणेला मात्र घाट चढावे लागतात. डोंगरात भिल्ल, मावची, कोकणी आणि पुढे बडवाणीच्या बाजूने सरकत आलेले पावरा, प्रत्येकाची बोली वेगळी. सपाटीवर काळी माती. अशा जागी दर काही पिढ्यांनी नवी माणसं येणारच.

मराठी इथे परकी होती असं मात्र कुणी समजू नये. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला निकुंभ घराण्यातल्या सत्ताधीशांनी दान दिलं, ती ही नोंद. राजांची स्तुती आणि ज्योतिष्यांची वंशावळ संस्कृतात आहे. पण बाजारातल्या कोणत्या मालावर मठाला किती वाटा, हा हिशेब आला की लेख सरळ मराठीत उतरतो. ज्या गोष्टी गावच्या व्यापाऱ्याला कळायलाच हव्यात त्या मराठीत, असा त्याचा अर्थ. तेव्हा मराठीचा थर ‘नंतर’ चढला हे ग्रिअर्सनचं म्हणणं मान्य करायचं, तर तो ‘नंतर’ निदान आठशे वर्षांपूर्वीचा आहे हेही मान्य करावं लागतं.

अहिराणी या नावामागे अहिर, म्हणजे प्राचीन आभीर आहेत, असं सर्रास सांगितलं जातं. आभीरांचा राजा ईश्वरसेन याचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे, आणि इतिहासकार फिरिश्ताने सांगितलेल्या कथेत बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला फारुकी सुलतानांच्या हाती जाण्याआधी आसा अहिर नावाच्या धनाढ्य गवळ्याकडे होता. गुरं राखणारे लोक या खोऱ्यात फार जुने, एवढं यातून निश्चित निघतं. त्यांच्या बोलीचं आजच्या अहिराणीशी थेट नातं जोडायचं तर मधल्या हजार वर्षांवरून उडी मारावी लागते. ती मी मारत नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याने तापीकाठच्या थाळनेरहून राज्य सुरू केलं आणि पुढे बऱ्हाणपूर वसवलं. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगली सुभा झाला. बोलीच्या इतिहासात या दोनशे वर्षांतल्या लढायांपेक्षा एका रस्त्याला जास्त महत्त्व आहे. सुरतेला उतरलेला माल आग्र्याला जायचा तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला पोचायचा. १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो याच बाजूने गेला, पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निएनेही मुक्कामांची यादी लिहून ठेवली. या वाटेवर गुजराती वाणी, बंजाऱ्यांचे तांडे, उत्तरेकडचे शिपाई आणि विणकर यांची सतत ये-जा होती. बाजारात बोलायचं तर सगळ्यांना पेलेल अशी भाषा लागते, आणि ती कुणाच्याही घरची पूर्णपणे नसते.

मग १६३० चा दुष्काळ आला. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला. त्याच्या रोजनिशीत वाटेवरच्या प्रेतांची वर्णनं आहेत. नंदुरबारला एक लहानसा तंबू ठोकायचा, तर प्रेत पडलेलं नाही अशी मोकळी जागा शोधायला त्याला त्रास पडला. शाहजहान स्वतः तेव्हा बऱ्हाणपुरात होता. त्याने अन्नछत्रं उघडली, सारा माफ केला, पण खोरं उजाड झालं ते झालंच.

अशी रिकामी झालेली काळी जमीन फार काळ रिकामी राहत नाही. शेतसारा हवा तर कुणबी हवा, म्हणून दरबार, देशमुख, पाटील सगळेच नव्या माणसाला सवलती देतात. रावेर, यावल, भुसावळ या पट्ट्यात आज लेवा पाटीदार आहेत. आपले पूर्वज गुजरातेतून, पावागडच्या बाजूने निघाले अशी त्यांची परंपरा आहे. शहादा-तळोद्याकडे आणि चोपडा-रावेर भागात गुजर आहेत. लाड वाणी, रजपूत, परदेशी, तडवी, बंजारा अशी यादी लांबतच जाते. एका झटक्यात आलेली ही वस्ती नव्हे. दोन-अडीचशे वर्षं माणसं झिरपत राहिली.

इथे एक मोठी गंमत आहे. गुजरातेतून आल्याचं जे अभिमानाने सांगतात त्या लेवा पाटीदारांची बोली, म्हणजे लेवा गणबोली, अहिराणीपेक्षा मराठीला जास्त जवळची आहे. ‘तू कुठे चाललास?’ हे ती ‘तू कुठी जाऊ राह्यला?’ असं विचारते. ‘मला भूक लागली’चं ‘मले भूक लागली’. हे बुलढाणा-अकोल्याकडच्या बोलण्याला किती जवळचं आहे, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. उलट धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव भागातला शेतकरी गुजरातचं नावही काढत नाही, आणि त्याची बोली विचारते, ‘तू कथा जाई ऱ्हायना?’ तो म्हणतो, ‘माले भूक लागनी.’ पूर्वज कुठले यावरून बोली ठरत असती तर हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

शेजारी कोण मिळाला, हा खरा मुद्दा आहे. लेवा पाटीदार खोऱ्याच्या पूर्व टोकाला बसले. त्यांचा बाजार, त्यांची मजुरी, त्यांची देवाणघेवाण वऱ्हाडाशी. दोनचार पिढ्यांत त्यांची मुलं शेजाऱ्यांसारखी बोलू लागली. शहादा-तळोद्याकडचे गुजर पश्चिमेला, गुजरातच्या उंबरठ्यावर दाट वस्ती करून राहिले, म्हणून त्यांच्या घरात गुजरी टिकली. जामनेरकडची तावडी या दोन्हींच्या मधली, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेली. गिरणा ओलांडली की बोली बदलते असं लोक म्हणतात. नदीने एवढं काटेकोर काम कधी केलेलं नसतं, पण ढोबळपणे ते खरं आहे.

वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकत्र नांदली की बोलीचं काय होतं, हे जगात इतरत्रही पाहायला मिळालं आहे. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी मजूर गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या करारावर, फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. कुणी अवधी बोलणारा, कुणी भोजपुरी, दक्षिणेतून आलेले तामिळ-तेलुगू. आईबापांनी आपापले उच्चार मरेपर्यंत सोडले नाहीत. तिथे जन्मलेल्या मुलांनी मात्र अंगणातच एक नवी हिंदी घडवली. ती घडताना अवघड रूपं गळाली आणि सगळ्यांना सोपी जाणारी राहिली.

खानदेशी बोलीतली काही रूपं या प्रकाशात पाहावीत. प्रमाण मराठीत पुरुष ‘करतो’ आणि बाई ‘करते’. तू ‘करतोस’ आणि ‘करतेस’. अहिराणीत मी करस, तू करस, तो करस, ती करस. अनेकवचन आलं की ‘करतस’, संपलं. लिंग गळालं, पुरुष गळाला. उच्चारातही ‘ळ’ आणि ‘ण’ हे दोन अडथळे दूर झाले. डोळा झाला ‘डोया’, केळी झाली ‘केयी’, पाणी झालं ‘पानी’. यातला ‘ळ’चा ‘य’ लेवा बोलीत आणि वऱ्हाडातही आहे, म्हणजे तो खानदेशचा एकट्याचा नाही. पण क्रियापदाचा हा सपाटपणा मिसळलेल्या वस्तीत अपेक्षित असतो तसाच आहे. याला गावंढळपणा म्हणणाऱ्यांनी इंग्रजी क्रियापदाला लिंग का नाही, हेही एकदा स्वतःला विचारावं.

दुसऱ्यांदा खोरं उजाड झालं ते १८०२ नंतर. यशवंतराव होळकरांच्या फौजा, त्यांच्या मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी, पगार थकलेले अरब शिपाई आणि डोंगरातून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्या. गावंच्या गावं उठली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला, तेव्हा त्याला राज्य करायला जमीन होती, माणसं कमी होती.

ब्रिग्जने मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडलं. १८१९ मध्ये या गावात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. पांझरेचं पाणी, भोवती मळे, एवढंच त्याचं वैभव. सरकारी कचेऱ्या बांधायला दूरदूरहून कारागीर आणले गेले. व्यापाऱ्यांना आणि इतरांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला उसनी रक्कमही दिली. जुना रहिवासी असो की परका, सवलत सारखीच. १८७२ पर्यंत लोकसंख्या १२,४८९ झाली होती. म्हणजे त्या वेळी धुळ्यात राहणाऱ्या पाच माणसांतली चार आलेली किंवा आलेल्यांच्या पोटची, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

या दुसऱ्या भरतीत एक नवा प्रकारचा माणूस आला. पहिल्या भरतीतले बहुतेक नांगर घेऊन आले होते. नांगरवाला शेजाऱ्यात मिसळतो, त्याला दुसरा इलाज नसतो. तागडी घेऊन येणारा मारवाडी किंवा गुजराती व्यापारी घरात आपली भाषा ठेवतो आणि ओट्यावर गिऱ्हाइकाची बोलतो. खानदेशातल्या खेड्यांत मारवाडी दुकानदार अस्सल अहिराणीत भाव करताना आजही भेटतो. पण कचेरीत लेखणी घेऊन आलेला कारकून, मामलेदार, वकील आणि त्यापाठोपाठ मास्तर हे पुणे, सातारा, नाशिककडचे होते. त्यांना समोरच्याची बोली शिकायची गरज नव्हती. समोरच्यालाच त्यांची शिकावी लागे, कारण अर्ज त्यांच्याकडे होता आणि छडीही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं. शाळेच्या पुस्तकात जी मराठी गेली तिच्यात ‘मी करस’ला जागा नव्हती. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये शहरात आणि वरच्या वर्गात मराठी, बाकीच्यांत मिश्र खानदेशी, अशी विभागणी दिसते. साठ वर्षांत बोलीची पायरी ठरून गेली होती.

मधल्या काळात, १८६९ मध्ये, नाशिक जिल्हा नव्याने बनला आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण, कळवण हे खानदेशचे भाग त्यात गेले. म्हणून आजही बागलाणातल्या सटाण्याची बाजारपेठ अहिराणीत बोलते आणि कागदोपत्री नाशिककर असते. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर येऊन वसले आणि तिथल्या उर्दूची चाल आणखीच वेगळी झाली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८६० च्या दशकात आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचला आणि तिथून एक फाटा नागपूरला, दुसरा खांडव्याकडे गेला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली होती. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, त्यामुळे खानदेशच्या काळ्या मातीत पांढरं सोनं पिकू लागलं. जळगावला जिन-प्रेस आल्या, मग मूळजी जेठा घराण्याची खानदेश मिल आली. अमळनेरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रताप मिल उभी राहिली, आणि १९४५ मध्ये त्याच गावात कच्छकडच्या प्रेमजी घराण्याने तेल-वनस्पती तुपाचा कारखाना काढला, जो पुढे विप्रो झाला. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरला जोडली. तावेर्निए ज्या वाटेने बैलगाडीतून गेला तिच्या आसपासनंच आता रूळ होते.

भुसावळ तर गाडीनेच जन्माला घातलेलं शहर. इंजिनचालक, गार्ड, फिटर म्हणून अँग्लो-इंडियन, पारशी, उत्तर हिंदुस्थानी, दक्षिणी अशी माणसं तिथे उतरली. त्यांच्यात हिंदी हीच सगळ्यांची म्हणून चालू लागली. भुसावळचा पोरगा आजही अनोळख्याशी आधी हिंदीत तोंड उघडतो, आणि पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यातली त्याची आजी ‘मले काय पुसतं’ म्हणते. १९०६ मध्ये जिल्हा दोन तुकड्यांत वाटला, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिमचं धुळे. कारभाराच्या सोयीसाठी काढलेली ही रेघ योगायोगाने बोलींच्या भेदाच्या आसपासनं गेली, पण अमळनेर, पारोळा, चाळीसगाव हे अहिराणी तालुके पूर्वेतच राहिले.

धुळ्याने मराठीला जे दिलं त्यात धुळ्याची बोली कुठेच नाही, ही मला नेहमी विचार करायला लावणारी बाब वाटते. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या शेवटी इथेच राहिले, १९२६ च्या अखेरीस इथेच वारले, आणि त्यांची दप्तरं सांभाळणारं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरून घेतली. घरोघरी पोचलेलं ते मराठी गद्य. बोलणारा कुलाब्यातल्या गागोद्याचा, लिहिणारा रत्नागिरीकडच्या पालगडचा, आधी काही वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेला. तुरुंगाच्या भिंतीबाहेर पांझरेकाठी जे बोललं जात होतं त्याचा एक स्वरही त्या पुस्तकात शिरला नाही. शिरायला हवा होता असं माझं म्हणणं नाही. पण छापील मराठी कुठे तयार होते आणि कोणाच्या तोंडची असते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे यातून कळतं.

कोंडी फुटली ती एका निरक्षर बाईमुळे. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापून आली. ‘ळ’ जाऊन ‘य’ आलेली भाषा पहिल्यांदाच मराठीच्या पाठ्यपुस्तकांत शिरली. ही अहिराणी, असं पुण्या-मुंबईत कित्येकदा म्हटलं जातं. ती आहे लेवा गणबोली. धुळ्याच्या अहिराणी माणसाला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं, कारण त्याच्या ‘मी जास’, ‘उना’, ‘लिधं’ला अजून तसा सन्मान मिळायचा आहे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. मधल्या काळात यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे १९६३ मध्ये ‘कोसला’ घेऊन आले. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची ती कादंबरी, म्हणजे स्थलांतराचीच, फक्त दिशा उलटी.

उलटी दिशा हाच पुढच्या साठ वर्षांचा विषय आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावं गुजरातेत गेली. डांगही तिकडेच गेला. राज्याची सीमा आली, पण शेकडो वर्षांची वाट मोडली नाही. दक्षिण गुजरातेत सहकारी साखर कारखाने निघाले, बारडोलीचा त्यातला मोठा, आणि त्यांना तोडीसाठी मजूर हवे होते. ते खानदेशच्या कोरडवाहू गावांतून जाऊ लागले. मुकादम पावसाळ्यात उचल देई, दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, बैलगाडीसकट गुजरातेत पोचे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात या तोडकऱ्यांचं जिणं बारकाईने लिहून ठेवलं आहे. उसाच्या फडावर राहणारा माणूस गुजरातीपेक्षा मुकादमाचीच बोली जास्त ऐकतो, सहा महिन्यांनी परततो. त्याच्या बोलीला फारसा धक्का लागला नाही.

सुरतेच्या कापड बाजाराने मात्र लागला. पॉवरलूम, डाईंग, भरतकाम, हिरे यांच्या कारखान्यांनी सत्तरच्या दशकापासून खानदेशातली तरुण पोरं ओढून घेतली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत गल्ल्याच्या गल्ल्या जळगाव-धुळ्याच्या झाल्या. १९९४ च्या प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी सुरत सोडली तेव्हा तापीकाठच्या गावांत रातोरात घरं भरली, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा रिकामी झाली. मुक्ताईनगर भागात जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेत पोलीस शिपाई म्हणून लागले, पुढे खासदार आणि २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. मराठी आडनावाचा माणूस गुजरातेत तिथवर पोचला याचं मुंबईला नवल वाटलं. सुरतेला फार वाटलं नसावं.

शिरगणतीत या सगळ्याचं काय होतं? ग्रिअर्सनने काढलेली रेघ स्वतंत्र भारताच्या जनगणनेने राखली. खानदेशी मराठीत धरली जात नाही, वेगळी मोजली जाते, अहिराणी, डांगी, गुजरी तिच्या पोटात. २००१ मध्ये खानदेशी बोलणारे २०,७५,२५८ नोंदले गेले, २०११ मध्ये १८,६०,२३६. त्याच वर्षी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचीच लोकसंख्या ६२ लाखांवर होती. दहा वर्षांत दोन लाख माणसांची जीभ गेली असं कुणी मानू नये. पगार मिळवणारा मुलगा दारात आलेल्या मोजणीदाराला ‘मातृभाषा मराठी’ सांगतो, आणि आत आई सुनेला अहिराणीत हाक मारते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. अहिराणी साहित्य संमेलनं भरवणारे, कोश रचणारे रमेश सूर्यवंशी आणि बागलाणातून अहिराणीवर लिहीत आलेले सुधीर देवरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोलीला मान मिळवून दिला आहे. त्या मानाचा परिणाम मातृभाषेच्या रकान्यात दिसतो का, ते तेव्हा कळेल.

मला वाटतं, बोलीचं पुढचं रूप संमेलनाच्या मांडवापेक्षा सुरतेत ठरतंय. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात आणि त्यांचा श्रोता डिंडोलीत जितका आहे तितकाच शिंदखेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकी, श्रावणात कानबाईच्या रोटांना येणारी भावकी सुरतेच्या गाड्या भरभरून आणते, आणि त्यांच्याबरोबर हिंदी-गुजरातीची नवी मिसळण येते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तिथे उधन्यातलं पोर घरून अहिराणी घेऊन येतं, गल्लीत हिंदी बोलतं, फलक गुजराती वाचतं आणि फळ्यावर पुण्याची मराठी शिकतं. त्याने ‘दिधं’ म्हटलं तर मराठीचे मास्तर ‘दिलं’ म्हणून दुरुस्त करतात, आणि गुजराती दुकानदाराला त्यात दुरुस्त करण्याजोगं काहीच सापडत नाही.